आईची नजर

आम्हाला वाढताना आई ताटाकडे बघायची, धाकट्याला वाढताना त्याच्या डोळ्यांत. गर्द ओढली की डोळ्यातली बाहुली आक्रसून टाचणीच्या टोकाएवढी होते, हे तिला कुणीतरी सांगितलं होतं. नीट दिसावं म्हणून स्वयंपाकघरात तिने शंभरचा दिवा लावून घेतला. लख्ख उजेडात कुणाचीही बाहुली बारीक होते, हे तिला माहीत नव्हतं. त्यामुळे तो शुद्धीत असायचा त्या दिवशीही तिचा हात वाढता वाढता थांबायचा. पाकिटातल्या नोटांचे नंबर ती कॅलेंडरच्या मागे पेन्सिलीने लिहून ठेवायची. एवढी माया होती तिची, आणि त्या मायेचा असा पहारा झाला होता.

भाऊ पाच आठवडे व्यसनमुक्ती केंद्रात राहून घरी आला. टर्की तिथेच निघाली होती. डोळे-नाक वाहणं, हाडं ठणकणं, रात्र रात्र झोप नसणं हे सगळं आठवडाभरात ओसरतं. आम्हाला वाटलं, संपलं एकदाचं. खरं तर अवघड काम त्या दिवशी सुरू झालं होतं.

पुढे बऱ्याच दिवसांनी तो मला म्हणाला, ‘‘ताई, आठवण पुडीची नंतर यायची. आधी त्या तिघांची यायची.’’ पाण्याच्या टाकीमागे चौघं बसत. एक पन्नी धरायचा, एक खालून काडी लावायचा, एक रस्त्याकडे लक्ष ठेवायचा. एकदा तो तापाने फणफणला होता, तर त्यातल्याच एकाने त्याला पाठीवर घेऊन दवाखाना गाठला. आम्हाला घरात त्याचा पत्ताही नव्हता. हे ऐकून तेव्हा माझा संताप झाला होता. आता वाटतं, चार वर्षांची सोबत त्याने एका दिवसात सोडली, आणि त्याला त्याचं दुःख असेल हे आमच्यापैकी कुणाच्या मनातही आलं नाही. रिकाम्या झालेल्या त्या जागेत आम्ही उपदेश भरत राहिलो.

कॅनडातल्या सायमन फ्रेझर विद्यापीठात १९७०च्या दशकाच्या अखेरीस ब्रूस अलेक्झांडर या मानसशास्त्रज्ञाने उंदरांवर एक प्रयोग केला होता. पिंजऱ्यात एकेकटे ठेवलेले उंदीर मॉर्फिनचं गोड पाणी भरपूर पीत. ऐसपैस जागेत, इतर उंदरांच्या संगतीत असलेले त्या मानाने कमी पीत. नंतर इतरांनी हा प्रयोग करून पाहिला तेव्हा निकाल दर वेळी तसेच आले नाहीत, आणि माणूस काही उंदीर नव्हे. पण तो पिंजरा माझ्या डोळ्यांसमोरून जात नाही. आमचं घर ऐसपैस होतं, माणसांनी भरलेलं होतं, आणि तरीही त्यात तो एकटाच होता.

त्याच्या मदतीला आला एक रिक्षावाला. केंद्रात ओळख झालेला, आठ वर्षं गर्दपासून लांब असलेला. रोज रात्री सव्वानऊला त्याचा फोन यायचा. ‘‘जेवलास का?’’ बस, एवढंच. सुरुवातीला मला राग यायचा. हे तर आम्हीही विचारत होतो! पण आमच्या ‘जेवलास का’मागे ‘कुठे होतास’ दडलेलं असायचं, आणि ते त्याला ऐकू यायचं. रिक्षावाल्याला त्याच्याकडून कसलाच हिशेब चुकता करून घ्यायचा नव्हता. मध्ये एकदा भाऊ घसरला. स्लिप झाली, असं ते लोक म्हणतात. घरी सांगायच्या आधी त्याने त्या माणसाला सांगितलं, आणि तो रिक्षा घेऊन रात्रीच दारात उभा राहिला. आम्ही त्या रात्री रडलो असतो, ओरडलो असतो. तो नुसता शेजारी बसून राहिला.

पुण्यात १९८६ साली डॉ. सुनंदा आणि अनिल अवचट यांनी मुक्तांगण सुरू केलं, तेव्हा त्यांनी एक फार मोलाची गोष्ट केली असं मी मानते. तिथे येणाऱ्याला ‘रुग्णमित्र’ म्हणतात. गर्दुल्ला, बेवडा हे शब्द झेलत आलेल्या माणसाला कुणीतरी मित्र म्हणून हाक मारावी, याचं मोल त्या शब्दांच्या जखमा घरात पाहिलेल्यालाच कळेल. आणि त्यातून बरे झालेलेच पुढे समुपदेशक म्हणून नव्याने आलेल्यांच्या शेजारी बसतात.

आईलाही माणसं लागली. केंद्रात महिन्यातून एकदा घरच्यांची बैठक असायची. ती आधी जाईना. घरातलं चव्हाट्यावर कशाला, म्हणायची. मीच ओढून नेलं. तिथे एका बाईने सांगितलं की मुलगा न्हाणीघरात गेला की ती दाराला कान लावून बसायची. आईने तिचा हात धरला तो बैठक संपेपर्यंत सोडला नाही. घरी येताना बसमध्ये एवढंच म्हणाली, ‘‘तीपण.’’ त्या महिन्यात तिने नोटांचे नंबर लिहिणं बंद केलं.

डोळ्यांत बघायची सवय मात्र सुटायला आणखी वर्ष गेलं. एका रात्री त्याला फार उशीर झाला. मी दारात घुटमळत होते. तो येऊन पाटावर बसला. आईने भाकरी वाढली, पिठलं वाढलं, कांदा फोडून दिला. नजर ताटावरच.

‘‘आई, बघायचं तर बघ,’’ तो म्हणाला.

‘‘भाकरी गार होतेय, जेव आधी,’’ म्हणत ती तव्याकडे वळली.