फितीवरचे तीन तास

सांगलीतील हळदीच्या एका व्यापारी घराण्यात १९९१ सालच्या विवाहाची एकच व्हीएचएस फीत उरली होती. तीन तासांची. त्या विवाहात घरच्या आजींनी ओव्या म्हटल्या होत्या; त्यांचा आवाज अन्यत्र कोठेही नव्हता. २००५ च्या महापुरात तळमजला बुडाला, माडीवरील फीत वाचली. पण दमट हवेने तिच्या कडांवर पांढरी बुरशी धरली. अशी फीत स्वच्छ करून घेतल्याखेरीज यंत्रात घालू नये. ते झाल्यावर ती डिस्कवर उतरविण्याचे काम पुतण्याकडे आले.

घरातील थोरल्या अण्णांची अट एकच होती : एका फितीची एकच डिस्क. अट व्यापाऱ्याची असली तरी हिशेब संगणकालाही चुकत नाही. डिस्कची जागा ४.७ गिगाबाइट. ती तीन तासांवर वाटली, की प्रत्येक सेकंदाच्या वाट्याला सुमारे ३५ लाख बिट येतात, आणि त्यांतच आवाजही बसवायचा. पूर्ण मापाचे, म्हणजे ७२० बाय ५७६ बिंदूंचे चित्र एवढ्या शिधेवर पोसले जात नाही. हालचाल वाढली की पडद्यावर चौकोन उठतात.

पुतण्याने प्रथम ३५२ बाय २८८ हे लहान माप घेतले. चित्र स्वच्छ दिसले, पण अक्षता हवेतून उड्या मारीत पडू लागल्या. कारण साधे आहे. आपल्याकडील पाल पद्धतीत सेकंदाला २५ चित्रे असतात, पण प्रत्येक चित्र दोन हप्त्यांत येते. आधी एकाआड एक रेषा, मग उरलेल्या. म्हणून डोळ्यांना सेकंदाला ५० क्षण मिळतात. उंची निम्मी केली की एक हप्ता टाकला जातो आणि त्याबरोबर निम्मे क्षणही जातात.

काटकसर करायचीच, तर ती रुंदीत करावी. व्हीएचएस फितीवर आडव्या दिशेने जेमतेम २४० रेषांइतका तपशील असतो. ७२० बिंदूंचे पात्र मांडले तरी त्यात भरायला माल तेवढाच. ३५२ बाय ५७६ हे माप डीव्हीडीला मान्य आहे. त्यात दोन्ही हप्ते शाबूत राहतात, आणि बिंदू निम्मे असल्याने तीच शिधा पुरेशी होते.

तरीही पंगतीने अडवले. भोजन सूर्यास्तापूर्वी आटोपायचे, म्हणून वाढपी धावत होते आणि उजेड मंदावत होता. मंद उजेडात टिपलेल्या चित्रावर दाणेदार कचरा असतो. यंत्र त्यालाही हालचालच समजते आणि बिट त्यावर उधळते. “अण्णा, पंगत थोडी कापू का? बाकीचे अधिक सुबक होईल,” पुतण्याने विचारले. अण्णांची मान होकारार्थी हललीही असती, पण आक्का मधेच म्हणाल्या, “त्या पानांवर बसलेल्यांपैकी निम्मे आता नाहीत रे.” पुढे त्या विषयावर कोणी बोलले नाही.

मग बिटांची सरसकट समान वाटणी सोडून गरजेप्रमाणे वाटप ठेवले गेले : स्थिर प्रसंगांना कमी, पंगतीला जास्त. दोन मिनिटांचे नमुने काढून ते संगणकावर नव्हे, दिवाणखान्यातील जुन्या टीव्हीवर पाहिले. हळकुंड मोडताना होणाऱ्या आवाजावरून त्याचा वाळलेपणा सांगणारे अण्णा नमुन्यातील फरकही बिनचूक सांगत. आवाजात मात्र काटछाट झाली नाही.

एक खर्च अण्णांच्या अटीबाहेरचा होता. नाजूक फीत वारंवार फिरवू नये, म्हणून ती प्रथम एकदाच डीव्ही स्वरूपात उतरवली होती. ताशी सुमारे १३ गिगाबाइट, म्हणजे तीन तासांचे जवळजवळ ४०. डिस्क झाल्यावर ते पुसायचे ठरले होते; त्याऐवजी अण्णांनी वेगळी हार्ड डिस्क आणविली आणि तिची रक्कम दुकानाच्या वहीत दुरुस्ती खाती टाकली.

लेकींच्या घरी प्रती गेल्या. प्रत्येकीवर आक्कांनी स्वहस्ते लिहिले होते : विवाह, १९९१, पंगतीसह.