वरची रांग

परतीचा पाऊस नुकताच थांबला होता. मुलगा विमानाने दिवाळीला यायचा होता. घड्याळ पाहून कंटाळलेल्या हिने मला जेसल पार्कच्या खाडीकाठी आणले. ढगांतून एक दिवा डोकावून गेला. थोड्या वेळाने पुन्हा तसाच.

"अहो, आले आहे तर उतरत का नाही?"

मी मराठीचा प्राध्यापक; पण नवऱ्याला सर्वज्ञ असावेच लागते! म्हटले, "वर रांग असते. हजार-हजार फुटांचे अंतर राखून विमाने एकावर एक घिरट्या घालतात. फेरी सुमारे चार मिनिटांची. खालचे उतरले की वरची एकेक पायरी खाली येतात."

"आणि ढगांत धावपट्टी दिसते?"

"नाही. जमिनीवरून रेडिओचे दोन झोत निघतात. एक डावे-उजवे सांगतो, दुसरा तीन अंशांची उतरण. वैमानिक काट्यांवर विश्वास ठेवतो."

"डोळे असून आंधळाच की!"

मला वाचलेले आठवले. १९७२ च्या सप्टेंबरात एक जपानी विमान सांताक्रूझऐवजी जुहूच्या आखूड धावपट्टीवर उतरले आणि ती ओलांडून गेले. १९५३ मध्ये एक कॉमेटही असेच जुहूला उतरले होते. वैमानिकांना धावपट्टी दिसली होती. फक्त ती त्यांची नव्हती.

मुलाने आम्ही आखलेली वाट सोडली, तेव्हा मलाही सारे स्वच्छ दिसत होते. त्याला दोन वर्षे झाली. तेव्हापासून आम्ही बोललो नव्हतो.

हिचा फोन वाजला. "आई, उतरलो."

हिने काही न बोलता फोन माझ्या हाती दिला.