आईच्या हाताचा हिंगाचा वास

मुलांनो, तुमच्या वर्गात कुणी तुम्हाला उभं करून विचारलं, “तुझी आई काय करते?” तर तुम्ही काय उत्तर द्याल? मनातल्या मनात देऊन ठेवा. मी सातवीत असताना या प्रश्नाचं जे उत्तर दिलं होतं, त्याची मला अजून लाज वाटते. म्हणूनच आज तुम्हाला ही गोष्ट सांगायला बसले आहे.

साल होतं 1977. आम्ही गिरगावात एका चाळीत राहत होतो. दोन खोल्या आणि माणसं पाच! आई पहाटे उठायची, केंद्रावर जाऊन पापडाचं मळलेलं पीठ घेऊन यायची. आमचे डबे, पाणी, स्वयंपाक उरकला, की पोळपाट-लाटणं घेऊन बसायची. उडदाचं ते पीठ चांगलंच घट्ट असतं बरं का! लाट्या करायच्या, एकसारखे पातळ पापड लाटायचे, उपड्या टोपलीवर वाळत घालायचे. एखादा जरी जाड झाला तरी आई तो बाजूला काढायची. दुसऱ्या दिवशी वाळलेले पापड केंद्रावर द्यायचे, वजन करायचं, लाटणावळ घ्यायची आणि नवं पीठ घेऊन घरी यायचं. पावसाळ्यात तर आमच्या घरात माणसांपेक्षा पापडांनाच जास्त जागा लागायची!

तर त्या वर्षी जूनमध्ये वर्गशिक्षिकांनी एकेकीला उभं करून विचारलं. कुणाची आई शिक्षिका, कुणाची टेलिफोन खात्यात. माझी पाळी आली. मी पटकन म्हणाले, “काही नाही बाई, घरीच असते.” आदल्याच आठवड्यात एका मैत्रिणीनं नाक मुरडून म्हटलं होतं, “ईऽ, तुझ्या दप्तराला हिंगाचा वास येतो!” ते माझ्या डोक्यात बसलं होतं.

मला तेव्हा एकच गोष्ट मनापासून आवडायची, ती म्हणजे गाणं. शेजारच्या चाळीत एक वयस्कर बाई गाणं शिकवायच्या. आठवड्यातून दोन दिवस, महिन्याला दहा रुपये फी. जुलैमध्ये एके रात्री बाबा हिशोबाला बसले. दादा त्या वर्षी दहावीला होता आणि त्याची गणिताची शिकवणी लावायची होती. बाबा आईला म्हणाले, “हिचं गाणं पुढच्या महिन्यापासून बंद करू. मुलीच्या जातीला गाणं शिकून काय करायचंय?”

बाबा वाईट नव्हते हं. पगार तुटपुंजा होता आणि कुठंतरी हात आखडायलाच हवा होता. तो माझ्या गाण्यावर आखडला, एवढंच. मी पांघरुणात तोंड खुपसून रडत होते. तेवढ्यात आईचा आवाज आला, अगदी शांत.

“शिकवणीचं तुम्ही बघा. गाण्याची फी मी देते. लाटणावळीचे पैसे माझे आहेत.”

खोलीत कुणीच काही बोललं नाही. आई बाबांना उलट बोलली, असं मी त्याआधी कधी ऐकलं नव्हतं. आणि खरं सांगू? ती उलट बोललीही नव्हती. तिच्या पैशांचं काय करायचं, ते तिनं फक्त ठरवलं होतं.

दुसऱ्या दिवशी मी तिच्याजवळ बसून लाट्या करू लागले. म्हटलं, “आई, तिथले मालक तुम्हाला ओरडतात का गं?” ती हसली. “अगं, मालक कोण? आम्हीच! तिथं सगळ्या एकमेकींना बेन म्हणतात. नफा झाला तर सगळ्यांचा, तोटा झाला तरी सगळ्यांचाच.”

मग तिनं मला सगळी हकीकत सांगितली. 15 मार्च 1959 रोजी गिरगावातल्याच एका इमारतीच्या गच्चीवर सात बायका पापड लाटायला बसल्या. भांडवल किती? फक्त 80 रुपये, आणि तेही उसने! पहिल्या दिवशी पापडांची चार पाकिटं झाली. पहिल्या पावसाळ्यात तर पापड वाळेनात, म्हणून चार महिने काम बंदच पडलं. पण पुढच्या वर्षी त्यांनी युक्ती केली. एक खाट आणली, पापड वर पसरले आणि खाली शेगडी ठेवली. झालं, पावसाचा प्रश्न मिटला! 1962 साली नावासाठी स्पर्धा घेतली, बक्षीस पाच रुपये. त्यातून नाव मिळालं ‘लिज्जत’. लिज्जत म्हणजे चव, गोडी.

आज या संस्थेत चाळीस हजारांहून जास्त बायका आहेत. त्या सात जणींपैकी जसवंतीबेन पोपट यांना 2021 साली पद्मश्री जाहीर झाली. तेव्हा पेपरातला त्यांचा फोटो पाहताना मला आमचं पोळपाट आठवलं.

माझं गाणं तर चालू राहिलं. सप्टेंबर महिना होता. एके दिवशी मी क्लासला गेले, तर गाण्याच्या बाई पेटी न उघडता गप्प बसलेल्या. समोर वर्तमानपत्र होतं. केसरबाई केरकर गेल्या होत्या. त्या दिवशी बाईंनी आम्हाला सूर लावायला सांगितलं नाही, केसरबाईंची गोष्ट सांगितली.

केसरबाई गोव्यातल्या केरी गावच्या. जन्म 1892 चा. त्या काळी ‘चांगल्या घरच्या’ मुलींनी गाणं शिकायचं नाही, असा दंडक होता. आणि ज्या बायका गाणं गात, त्यांचं गाणं लोक हौसेनं ऐकत, पण मान मात्र देत नसत. केसरबाई 1921 साली अल्लादिया खाँसाहेबांकडे शिकू लागल्या. म्हणजे वय जवळजवळ तीस! खाँसाहेब 1946 साली जाईपर्यंत त्यांचं शिकणं संपलं नाही. पुढं त्यांना ‘सूरश्री’ म्हणू लागले, 1969 साली पद्मभूषण मिळालं. घरी येऊन हे आईला सांगितलं, तर लाटणं थांबवून ती म्हणाली, “तिशीत शिकायला लागल्या? मग तू रडतेस कशाला, तुला तर बारावंच आहे!”

एक गोष्ट मात्र त्या दिवशी आमच्या बाईंनाही ठाऊक नव्हती. मला ती कितीतरी वर्षांनी कळली. त्याच 1977 सालच्या 20 ऑगस्टला आणि 5 सप्टेंबरला अमेरिकेनं ‘व्हॉयेजर’ नावाची दोन यानं अवकाशात सोडली. दोन्ही यानांत सोन्याचा मुलामा दिलेली एकेक तबकडी आहे. पृथ्वीवरचे आवाज आणि जगभरचं निवडक संगीत तिच्यावर आहे. त्यात भारतातलं एकच गाणं आहे, आणि ते आहे केसरबाईंची साडेतीन मिनिटांची भैरवी! दुसरं यान उडालं आणि अकराच दिवसांनी, 16 सप्टेंबरला केसरबाई गेल्या. 2012 साली त्यांतलं एक यान सूर्याच्या प्रभावाचं क्षेत्र ओलांडून ताऱ्यांमधल्या अवकाशात शिरलं. ज्या बाईला समाजानं सहज मान दिला नाही, तिचा आवाज आज माणसानं बनवलेल्या इतर कुठल्याही वस्तूपेक्षा लांब गेला आहे. आहे की नाही गंमत?

मी काही केसरबाई झाले नाही. पण संध्याकाळी आमच्या घरी मुलंमुली गाणं शिकायला येतात. मी फी घेते, हिशोबाची वही ठेवते आणि एखाद्या मुलीचं गाणं पैशांपायी बंद होतंय असं दिसलं, तर तिच्या आईला आधी भेटते.

पुढच्या वर्षी, आठवीत, वर्गात तोच प्रश्न आला. मी उभी राहिले आणि म्हणाले, “बाई, माझी आई पापड लाटते. ती ज्या संस्थेत आहे, त्या संस्थेची ती मालकीण आहे. बाकीच्या सगळ्याजणीही मालकिणी आहेत.” काही मुली हसल्या. हसू देत! घरी जाऊन आईला सांगितलं. ती काहीच बोलली नाही. फक्त पिठाचा हात माझ्या गालावर ठेवला. तो हिंगाचा वास मला तेव्हा पहिल्यांदा आवडला.

आता सुरुवातीचा प्रश्न पुन्हा विचारते. तुमची आई काय करते? उत्तर देण्यापूर्वी एक दिवस तिच्याशेजारी बसा, तिच्या कामात हात लावा आणि मग सांगा.