पेटीतले कागद आणि खेळाचा डबा

आमच्या घरात टीव्हीखाली एक पांढरा डबा आहे. निंटेंडो कंपनीचा 'वी' नावाचा खेळाचा कन्सोल. कंपनीने तो २००६ साली बाजारात आणला. आमच्याकडे आला तो बऱ्याच वर्षांनी, मेहुण्यांनी दुबईहून कुणाचा तरी वापरलेला आणला तेव्हा. घरात त्याला सगळे डबाच म्हणतात. येण्याआधीच कुणीतरी त्यात बदल केलेले होते, म्हणजे कंपनीचे नसलेले प्रोग्रामही त्यावर चालत. हे आम्हाला पुष्कळ उशिरा कळले.

आम्ही शिक्षक माणसे. मुलांच्या हातात रिमोट दिसला की आमच्या कपाळाला आठी पडायची. पण २०२० च्या टाळेबंदीत तो रमजान आला, मशिदी बंद, शाळा बंद, आणि लल्लूभाई कंपाउंडमधल्या आमच्या छोट्याशा खोलीत सहा माणसे. इफ्तार आणि मगरिब उरकली की इशापर्यंत वेळ कसा काढायचा? थोरलीने डबा काढला. त्यात बोलिंगचा खेळ होता. हातात रिमोट धरून चेंडू सोडल्यासारखा हात हलवायचा, पडद्यावर बाटल्या पडतात. अम्मींचे गुडघे कामातून गेलेले, त्या खाटेवर बसूनच हात हलवायच्या. आठवडाभरात त्यांनी आम्हा सगळ्यांना हरवले.

या डब्यात प्रत्येकाची एक बाहुली बनवता येते. कंपनीने तिचे नाव 'मी' ठेवले आहे. "जपान्यांना मराठी येते वाटते," असे थोरली म्हणाली तेव्हा अम्मी पोट धरून हसल्या. त्यांची बाहुली मुलांनीच बनवली: गोल चेहरा, चश्मा, पांढरे केस, हिरवा कपडा. नाव 'दादी'. बाहुली जसजशी खेळते तसतसा तिच्या कौशल्याचा आकडा वर जातो. अम्मींचा आकडा घरात सर्वांत वर होता.

पुढच्या वर्षी अम्मी अल्लाहला प्याऱ्या झाल्या. डबा कपाटावर गेला.

तीन वर्षांनी धाकट्याने तो खाली उतरवला. कुठेतरी व्हिडिओ पाहून त्याला त्यात नवा प्रोग्राम टाकायचा होता. आमचा एक जुना विद्यार्थी जवळच मोबाइल दुरुस्तीचे दुकान चालवतो. धाकटा त्याच्याकडे गेला, तर तो संध्याकाळी स्वतःच घरी आला. म्हणाला, "सर, आधी आतल्या मेमरीची नक्कल काढू. मग बाकीचे."

आम्ही विचारले, नक्कल कशाला? त्याने समजावले ते असे. या डब्याच्या पोटात ५१२ एमबीची एक चिप आहे. यंत्र सुरू करणारा प्रोग्राम, खेळांची नोंद, बाहुल्या, सगळे त्या एकाच चिपवर. बदल करताना चूक झाली तर डबा म्हणजे नुसती वीट. कंपनीचे त्या डब्यासाठीचे ऑनलाइन दुकानही २०१९ मध्ये बंद झाले, म्हणजे तिथून आता नवे काही विकत मिळायचे नाही.

नक्कल काढायला 'बूटमी' नावाचा प्रोग्राम लागतो. डब्यात एसडी कार्ड घातले. इथे रिमोट चालत नाही. डब्यावरचे पॉवरचे बटण दाबून पुढे सरकायचे आणि रिसेटचे दाबून निवडायचे. पडद्यावर बारीक चौकोनांची जाळी आली आणि एकेक चौकोन भरू लागला. एकूण ४०९६ चौकोन. मधे काही खराब दाखवले तेव्हा आमचा जीव खाली-वर झाला, पण तो म्हणाला, "काही चौकोन कारखान्यातूनच खराब येतात, घाबरू नका." नक्कल झाल्यावर प्रोग्रामने ती मूळ चिपशी पडताळून पाहिली. कार्डावर दोन फाइली आल्या: एक मोठी, मेमरीची, एक अगदी लहान, किल्ल्यांची. प्रत्येक डब्याच्या किल्ल्या वेगळ्या असतात. एकाची नक्कल दुसऱ्या डब्यात घालून चालत नाही.

धाकट्याला हे सगळे नवे होते. आम्हाला नव्हते. आम्ही रेल्वेरुळांजवळच्या वस्तीतून इथे आलेली माणसे. सर्वेक्षणात नाव होते आणि दाखवायला कागद होते, म्हणून खोली मिळाली. पत्र्याच्या पेटीत मूळ रेशनकार्ड, प्लास्टिकच्या पिशवीत त्याची झेरॉक्स, आणि आणखी एक झेरॉक्स चिपळूणला फुफींच्या घरी, ही अम्मींची शिस्त होती. १ जानेवारी १९९५ पूर्वीचा पुरावा आहे का, यावर या शहरात किती घरे राहिली आणि किती गेली ते मानखुर्दला सांगायला नको. २००४-०५ च्या हिवाळ्यात मंडाळ्यातल्या झोपड्या पाडल्या गेल्या, आणि त्याच वर्षी २६ जुलैच्या पावसाने लोकांचे कागद लगद्यासारखे केले. ज्यांची झेरॉक्स दुसऱ्या घरी होती ते वाचले. अम्मींना लिहिता येत नव्हते, पण बॅकअप त्यांना कळत होता.

मग आम्हीही तसेच केले. दोन्ही फाइली शाळेच्या पेनड्राइव्हवर नाही, घरच्या पेनड्राइव्हवर घेतल्या आणि एक प्रत चिपळूणला पाठवली.

थोरलीने त्या रात्री अडचणीचा प्रश्न विचारला. "अब्बा, परीक्षेत कॉपी केली तर तुम्ही पेपर काढून घेता. मग हे काय?" प्रश्न रास्त होता. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात, ज्याच्याकडे प्रोग्राम हक्काने आहे त्याला तो नष्ट होऊ नये म्हणून सुरक्षेपुरती नक्कल ठेवण्याची मुभा आहे. पण डब्यासोबत मेहुण्यांनी चोरीच्या खेळांनी भरलेली एक हार्डडिस्कही आणली होती. ती दुसऱ्याच्या मेहनतीची नक्कल होती. ती आम्ही पुसली. धाकटा दोन दिवस बोलला नाही.

चार महिन्यांनी घरी पाहुणे आले. लहान मुले खेळत होती, त्यातल्या एकाने बाहुल्या उचलून कचऱ्याच्या टोपलीत टाकल्या. त्यात दादीही गेली. मुलावर काय रागवायचे? चार वर्षांचे पोर.

विद्यार्थी म्हणाला, मला खात्रीचा मार्ग एकच माहीत आहे: जुनी नक्कल परत चिपवर लिहायची. वाचण्यापेक्षा लिहिणे धोक्याचे, मधेच वीज गेली तर खेळ खलास. शिवाय नक्कल काढल्यानंतरचे सगळे पुसले जाईल. म्हणजे धाकट्याने चार महिने खपून गाडीच्या शर्यतीत जिंकलेले सगळे.

आम्ही त्याच्यावर सोडले. त्या रात्री तो अपूर्ण राहिलेली एक शर्यत खेळत बसला, ती जिंकला, आणि सकाळी म्हणाला, "लिहून टाका."

शेजाऱ्यांचा इन्व्हर्टर मागून आणला, त्यावर डबा लावला. काम संपेपर्यंत कुणी चहासुद्धा प्यायले नाही. डबा सुरू झाला, आणि बाहुल्यांच्या गर्दीत हिरव्या कपड्यातली दादी चश्मा लावून उभी होती. आकडाही तोच.

ती बाहुली म्हणजे अम्मी नव्हेत, हे आम्हालाही कळते. त्यांच्यासाठी करायची ती दुआ आम्ही रोज करतो. पण त्या रमजानातले त्यांचे हसणे मुलांना आठवते ते या डब्यासमोर बसले की.

वाचकांना एवढेच सांगणे. घरात जुना फोन असेल, कॅमेऱ्याचे कार्ड असेल, कुणाचा आवाज असलेले काही असेल, तर दुरुस्तीला देण्यापूर्वी नक्कल काढा, आणि ती दुसऱ्या घरी ठेवा. आमच्या पत्र्याच्या पेटीत रेशनकार्डाच्या झेरॉक्सशेजारी आता एक एसडी कार्ड आहे. पिशवी अम्मींचीच आहे.