पहिले पेट्रोल, मग करंट

आमच्या तालुक्याच्या गावी एस.टी. स्टँडकडून मोंढ्याकडे जाणाऱ्या रस्त्यावर दुचाकीच्या गॅरेजांची रांगच आहे. पत्र्याची शेडं, ऑईलने काळी पडलेली माती, जुन्या टायरांचे ढीग आणि दिवसभर पान्यांचा खणखणाट. यातली बहुतेक गॅरेजं आपल्या लोकांची. हातच्या कसबावर आणि स्वतःच्या छोट्या धंद्यावर जगणाऱ्यांचं प्रमाण मुसलमानांत मोठं आहे, हे सच्चर समितीने २००६ साली आकडेवारीनिशी मांडलं. या रस्त्याला ते आधीच ठाऊक होतं. मी ज्या उर्दू शाळेत विज्ञान आणि गणित शिकवतो ती इथून चौदा किलोमीटरवर, खेड्यात आहे, आणि तिथून गळालेली पोरं याच रस्त्यावर येऊन थांबतात.

यंदाच्या पावसाळ्यात एका सकाळी माझी मोटारसायकल सुरू होईना. शंभर सीसीची, बारा वर्षांची, कार्बोरेटरवाली गाडी. रात्रभर पावसात उभी होती. किक मारून मारून पाय भरून आला, तरी गाडी ढिम्म. शेवटी ढकलत या रस्त्यावर आणली. उस्ताद सामान आणायला गेले होते. झाडू मारणारा मुलगा पुढे आला आणि हात पुसत म्हणाला, "अस्सलाम अलैकुम, सर. मैं देखता."

चेहरा ओळखीचा होता. दोन वर्षांपूर्वी आमच्याच शाळेतून आठवी पास होऊन गेलेला. आता सोळाचा असेल.

शेजारच्या टपरीवर चहा पीत बसलेल्या एका गृहस्थांनी लगेच सल्ला दिला, "प्लग गेला असेल. नवा टाकून दे."

पोरगा नुसता हसला. "बदलने का बाद में, चाचा. पैले मर्ज तो देखेंगे."

हकीम रोग ओळखतो त्याला उर्दूत 'तशखीस' म्हणतात. पुढची वीस-पंचवीस मिनिटं मी ती पाहत होतो.

त्याने पान्याला हातच लावला नाही. आधी हँडलवरचं इंजिन बंद करायचं बटण पाहिलं. मग टाकीचं झाकण उघडून गाडी डावी-उजवी हलवली आणि आत पेट्रोल किती आहे ते आवाजावरून ऐकलं. कॉक रिझर्व्हवर फिरवला. झाकणात हवेसाठी बारीक छिद्र असतं. ते चिखलाने बुजलं तर टाकीत पोकळी तयार होते आणि पेट्रोल खाली उतरत नाही. म्हणून झाकण उघडंच ठेवून त्याने दोन किक मारल्या. फरक नाही. एवढ्या सगळ्याला एक पैसाही लागला नव्हता, आणि अशी बिनखर्चाची कारणं त्याने एकेक करून बाजूला काढली होती.

"सर, गाडी को तीन चीज होना. पेट्रोल, करंट और दाब. तीनों बराबर टायम पे मिले तो चालू होतीच. नई हुई तो तीन में से एक कम है."

हवा-पेट्रोल आत घेणं, ते दाबणं, ठिणगीने पेटवणं आणि धूर बाहेर टाकणं, हे चार टप्प्यांचं इंजिन निकोलस ओटोने १८७६ साली जर्मनीत चालवून दाखवलं. फळ्यावर ते समजावायला मला दोन तासिका लागतात. या पोराने ते दोन वाक्यांत सांगितलं.

मग त्याने प्लग काढला. प्लग कोरडा निघाला तर पेट्रोलच पोचत नाही, म्हणजे कॉकपासून कार्बोरेटरपर्यंत कुठेतरी कचरा अडकला आहे. ओला निघाला तर पेट्रोल येतंय, पण पेटत नाही. माझा ओला निघाला. एका प्लगने अर्धा शोध संपवला. टोक पुसून त्याने रंगही दाखवला. चॉकलेटी रंग म्हणजे इंजिनाची तब्येत ठीक. काजळी धरलेला म्हणजे पेट्रोल जास्त. पांढरा म्हणजे पेट्रोल कमी. ऑईलने चिकट असेल तर पिस्टनच्या रिंगा झिजल्या. माझा चॉकलेटी होता. प्लगच्या भोकावर अंगठा दाबून त्याने हाताने किक फिरवली. हवेने अंगठा फटकन उडवला. दाबही शाबूत.

उरला करंट. भोकावर फडकं कोंबलं, कारण तिथून निघणाऱ्या पेट्रोलच्या वाफेला ठिणगी लागली तर भडका उडतो. प्लग कॅपमध्ये बसवून इंजिनाच्या लोखंडाला टेकवला आणि किक मारली. ठिणगी नाही.

"बघ, म्हटलं नव्हतं?" टपरीवरून आवाज आला.

मुलाने डब्यातून आपला खात्रीचा चालू प्लग काढून लावला. त्यालाही ठिणगी नाही. म्हणजे प्लग बेकसूर. मग त्याने कॅप फिरवून वायरपासून सोडवली. आत पाणी शिरलं होतं आणि तांब्यावर हिरवा गंज चढला होता. वायरचं टोक रबरी मुठीच्या पकडीने धरून लोखंडापासून जरा लांब ठेवलं, किक मारली, आणि टच्च आवाज करत निळी ठिणगी उडाली. कॉईल चांगली, सीडीआय चांगला, गुन्हेगार ती कॅप. त्याने वायरचं गंजलेलं टोक छाटलं, नवी कॅप बसवली, कॉक बंद करून पूर्ण ॲक्सिलरेटरवर चार किक मारत आत साचलेलं पेट्रोल बाहेर काढलं आणि माझाच जुना प्लग वाळवून परत लावला. दुसऱ्या किकला गाडी सुरू झाली.

अंदाजाने प्लग बदलला असता तर गाडी हललीच नसती. मग कॉईल बदलली असती, मग सीडीआय, आणि गंजलेली कॅप तिथेच राहिली असती. मुलगा म्हणाला, "सर, एक टायम पे एकच चीज बदलने की. दो बदले तो मालूम नई होता कौन चोर था."

हे वाक्य बी.एड.च्या कुठल्याही पुस्तकात शोभलं असतं. प्रयोगशाळेतला सगळा प्रामाणिकपणा त्यात आहे. आणि ज्याच्या तोंडून ते आलं, त्याच्या प्रगतिपुस्तकात विज्ञानासमोर 'कच्चा' असा शेरा आहे.

शाळा सोडलेल्या मुलाविषयी आपल्याकडे जी बोलणी चालतात, ती टपरीवरच्या त्या गृहस्थांसारखीच असतात. घरचं वातावरण नाही. पोराचं लक्ष नाही. आपल्या समाजाला शिक्षणाची आवडच नाही. सगळे प्लग बदलायला निघतात, तपासत कुणी नाही. या मुलाची गाडी कुठे अडली ते पाहू. शिक्षण हक्काचा २००९ चा कायदा सहा ते चौदा वयापर्यंतचा, म्हणजे आठवीपर्यंतचा. दुपारचा पोषण आहारही आठवीपर्यंतच. आमची उर्दू शाळासुद्धा आठवीलाच संपते. नववीला तालुक्याच्या उर्दू हायस्कुलात यायचं तर रोज एस.टी.चं भाडं, किंवा जवळच्या गावी मराठी माध्यमात जायचं आणि सगळे विषय नव्या लिपीत सुरू करायचे. त्याच वर्षी अब्बांची कंबर गेली आणि हमाली सुटली. पोरगा हुशार होता, आई-बापाची इच्छाही होती. फक्त आठवी आणि नववीच्या मधली वायर तुटलेली होती. तो रोज तालुक्याला येतोच आहे, पण हायस्कुलात नव्हे, गॅरेजात.

कुणी म्हणेल, हातात कसब आहे, पोट भरतंय, मग बिघडलं कुठे? एवढ्यात उस्ताद आले आणि नेमकं हेच म्हणाले. "पढ़ के कौन सी नौकरी रक्खी है, सर? कारीगर बन रहा है, बनने दो."

त्यांचं म्हणणं उडवून लावण्यासारखं नाही. पण रस्त्याच्या कडेला दोन नव्या गाड्या झाकून उभ्या होत्या. १ एप्रिल २०२० पासून बीएस-सिक्सचे नियम लागू झाले आणि नव्या मोटारसायकलींतून कार्बोरेटर जवळजवळ हद्दपार झाला. आता पेट्रोल इंजेक्टर फवारतो, किती फवारायचं ते सेन्सर आणि छोटा कॉम्प्युटर ठरवतो. बिघाड झाला की मीटरमधला दिवा ठरावीक वेळा लुकलुकतो आणि त्या लुकलुकण्याचा अर्थ पुस्तकात पाहावा लागतो. वायर लोखंडाजवळ धरून ठिणगी पाहण्याची जुनी युक्ती अशा गाडीवर केली तर तो कॉम्प्युटरच जळण्याची भीती. पेट्रोलही बदललं. २०२५ पर्यंत त्यात वीस टक्के इथेनॉल आलं, आणि इथेनॉल पाणी ओढून घेतं. पावसाचं पाणी टाकीत शिरलं तर दोन्ही मिळून तळाशी बसतात.

पेट्रोल, करंट, दाब हा क्रम तोच राहिला. तो पोराच्या डोक्यात पक्का आहे. पण तपासायचं साधन आता वाचावं लागतं, आणि वायरिंगचा नकाशा इंग्रजीत असतो.

"वो दोनों का क्या हुआ?" मी विचारलं.

उस्ताद थोडा वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, "शोरूम को भेजना पड़ेगा. दिवा गिनता है ये, पर किताब किसको आती?"

मुलगा मान खाली घालून पाने पुसत होता.

त्या आठवड्यात आम्ही सतरा नंबरचा फॉर्म भरला. बाहेरून दहावी, उर्दू माध्यमात. पास झाला तर आयटीआयला मेकॅनिक मोटार वेहिकलसाठी अर्ज करता येईल. नाही गेला, तरी नकाशा वाचता येईल. उस्तादांनी एकच अट घातली, दिवसाचं काम बुडायचं नाही. मगरिबनंतर ते त्याला सोडतात.

आठवड्यातून चार दिवस तो माझ्या घरी येतो. गणित त्याला जड जात नाही. मिलिमीटर आणि गुणोत्तर त्याच्या बोटांत आहेत. उर्दू सरळ वाचतो. अडतो ते इंग्रजीत. अक्षरं येतात, शब्द जुळत नाहीत. म्हणून मी तूर्त व्याकरणाला हात लावलेला नाही, फक्त शब्द जोडणं चालू आहे. परवा त्याने सर्व्हिसच्या पुस्तकातली एक अख्खी ओळ बोट ठेवून वाचली आणि अर्थ मला विचारण्याआधी स्वतःच सांगितला.

असा रस्ता तुमच्याही गावात असेल. तिथे काम करणाऱ्या पोराला नाव विचारा, कितवीत थांबला ते विचारा, आणि का थांबला हे त्याच्याकडूनच ऐका. सतरा नंबरचा फॉर्म दरवर्षी निघतो.