आयपीएचा थेंब

चाकणच्या कुठल्याही मशिन शॉपमध्ये सीएनसीपाशी एक छोटा रिफ्रॅक्टोमीटर सापडतोच. कूलंट पातळ झालंय का, हे त्यात डोळा लावून बघायचं. त्याच्या काचेवर एकदा आयपीएचा, म्हणजे आयसोप्रोपिल अल्कोहोलचा थेंब टाकून बघा. साखरेचा कणही नसताना ब्रिक्सची रेघ २८ च्या आसपास जाते. पाण्याचा अपवर्तनांक १.३३३, याचा २० अंशांना १.३७७. प्रकाश किती वाकला एवढंच त्या पट्टीला कळतं. कशामुळे, ते नाही.

मी लाइनवरचे तपासणी कॅमेरे सांभाळतो. भिंग पुसायला आयपीएच लागतं. कॅनवर ‘९९ टक्के’ छापलेलं असतं, पण पाणी मिसळलंय का हे रिफ्रॅक्टोमीटरला विचारण्यात अर्थ नाही. ८० टक्क्यांच्या वर अपवर्तनांक जवळजवळ हलतच नाही. तिथे घनता बरी : शुद्ध आयपीए ०.७८५, पाणी शिरलं की आकडा चढतो.

तरी शेवटचा शब्द काचेचाच. स्वच्छ काचपट्टीवर एक थेंब, तो आपोआप सुकू द्यायचा, मग टॉर्च अगदी आडवी धरून बघायचं. समोरून लख्ख दिसणाऱ्या काचेवर तिरप्या उजेडात कडेला बारीक कडं उमटलं, की तो कॅन भिंगासाठी बाद. प्लॅस्टिकच्या बाटलीत राहिलेलं, हात लागलेलं आयपीए हमखास असं कडं सोडतं. प्रथमोपचार पेटीतलं ७० टक्केवालं तर नकोच. जंतू मारायला त्यातलं पाणी उपयोगी, भिंगावर मात्र त्याचेच डाग.

पावसाळ्यात आणखी एक गंमत. आयपीए उडताना काच गार होते आणि दमट हवेतली वाफ तिच्यावर धरते. नवी पोरं तो पांढुरका पडदा बघून पुन्हा आयपीए ओततात, पुन्हा पडदा. कापड नुसतं ओलसर करून एकदाच, एकाच दिशेनं ओढायचं आणि थांबायचं. थांबणं शिकवायलाच वेळ लागतो.

काच आणि ॲक्रिलिक मात्र एका मापानं मोजू नये. टेललॅम्पच्या ॲक्रिलिक लेन्समध्ये मोल्डिंगचा ताण उरला असेल, तर अल्कोहोल लागताच केसासारख्या भेगा उठतात. मोल्डिंगवाले मुद्दाम नमुना बुडवून हाच ताण शोधतात. आमच्यासाठी जो घात, ती त्यांची चाचणी.

राहिली आग. आयपीएची वाफ साधारण १२ अंशांनाच पेट घेऊ शकते, म्हणजे इथल्या डिसेंबरच्या दुपारीसुद्धा. वेल्डिंग बूथजवळ उघडा कॅन दिसला की मी आधी झाकण लावतो, कुणाचा ते मग विचारतो.