ड्रेफससाहेबांची बाजू

मूर्खाचा कैवार घेण्याची विनोदी वाङ्मयात फार जुनी चाल आहे. नाटकातला विदूषक, गोष्टीतला भोळसट भटजी, बोलपटातला धांदरट शिपाई यांच्यावर प्रेक्षकांचे प्रेम असते, आणि त्याबद्दल माझे काही म्हणणे नाही. माझी तक्रार आहे ती एवढीच, की त्यांच्यापायी ज्याच्या नोकरीची, अब्रूची आणि अखेरीस डोक्याचीही वाताहत होते, त्या मनुष्याची विचारपूस कोणी करीत नाही. आज मला अशाच एका मनुष्याविषयी लिहावयाचे आहे. त्याचे नाव ड्रेफस. हुद्दा पॅरिसच्या पोलीसखात्यात चीफ इन्स्पेक्टर. त्याची हकीकत १९७५ साली निघालेल्या 'द रिटर्न ऑफ द पिंक पँथर' या इंग्रजी बोलपटात आली आहे. मात्र तो बोलपट त्याच्या नावाने कोणी ओळखत नाही.

प्रथम कथानक सांगतो. लुगाश नावाचे एक काल्पनिक पौर्वात्य राज्य आहे. त्याचा राष्ट्रीय ठेवा म्हणजे एक भला मोठा गुलाबी हिरा. त्याच्या पोटात एक दोष आहे आणि तो उजेडात धरला असता झेप घेणाऱ्या चित्त्यासारखा दिसतो. यावरून त्याचे नाव 'पिंक पँथर'. हा हिरा संग्रहालयातून चोरीस जातो आणि मागे 'पी' हे अक्षर काढलेला एक हातमोजा सापडतो. ही खूण सर चार्ल्स लिटन या निवृत्त इंग्रज चोराची. 'निवृत्त चोर' हा शब्दप्रयोग वाचकांस चमत्कारिक वाटेल. परंतु हे गृहस्थ फ्रान्सच्या दक्षिण किनाऱ्यावर नीस येथे एखाद्या पेन्शनरासारखे सुखात नांदत असतात. आळ आपल्यावर येणार हे ओळखून ते खऱ्या चोराच्या शोधास निघतात, आणि चोर निघतो त्यांच्या घरातच, म्हणजे त्यांची पत्नी क्लॉडीन. इकडे लुगाशचे सरकार फ्रान्सकडे आग्रह धरते की, मागल्या खेपेस ज्याने हा हिरा मिळवून दिला तो इन्स्पेक्टर क्लूसोच आम्हांला हवा. वास्तविक मागल्या खेपेस, म्हणजे १९६३ च्या पहिल्या चित्रपटात, क्लूसोने काहीच मिळवून दिले नव्हते. उलट चोरीच्या आरोपावरून तो स्वतःच तुरुंगात गेला होता. पण सरकारी कागदपत्रांत कीर्ती अशीच वाढत असते.

त्या पहिल्या चित्रपटाविषयी येथे थोडे सांगितले पाहिजे, कारण माझ्या म्हणण्याचा गाभा त्यातच आहे. तो चित्रपट क्लूसोसाठी काढलेलाच नव्हता. त्यातला नायक म्हणजे डेव्हिड निव्हनने वठविलेला रुबाबदार चोर. क्लूसोचे काम पीटर उस्तिनॉव्ह करणार होता; तो ऐन वेळी सोडून गेला आणि त्याच्या जागी पीटर सेलर्स आला. पुढे हा चोर निव्हन आणि त्याचा हिरा एका बाजूस राहिले व लोकांच्या लक्षात राहिला तो क्लूसो. त्या चित्रपटातल्या क्लूसोकडे पाहताना मला त्याची खरोखर कीव येते. त्याची बायको चोराला सामील असते, घरात सगळे त्याला फसवीत असतात, आणि अखेरीस त्यालाच चोर ठरवून बेड्या घालतात. तुरुंगाकडे जाताना पोलीस त्याला कुतूहलाने विचारतात, इतक्या चोऱ्या तू केल्यास तरी कशा? आणि बायकांमध्ये आपली केवढी चहा झाली आहे हे ऐकून तोही तो खोटा मान हळूच पदरात पाडून घेतो. येथे विनोदाचा हिशोब चोख आहे. मूर्खपणा ज्याचा, भुर्दंडही त्याचाच.

१९६४ साली ब्लेक एडवर्ड्स या दिग्दर्शकाने 'अ शॉट इन द डार्क' हा दुसरा चित्रपट काढला आणि हा हिशोब बदलला. क्लूसोला तुरुंगात पाठविले तर पुढचे चित्रपट निघावयाचे कसे? तेव्हा त्याच्या डोक्यावर एक वरिष्ठ आणून बसविला, आणि येथून पुढे मूर्खपणा करावयाचा क्लूसोने व त्याची किंमत भरावयाची ड्रेफसने, असा करारच झाला. पहिल्याच खेपेस ड्रेफस आपला अंगठा गमावून बसतो. तोही टेबलावरच्या चिरूट कापण्याच्या चिमुकल्या गिलोटीनमध्ये! हे काम करणारा नट हर्बर्ट लोम हा मूळचा प्रागचा. त्याचे भरदार शरीर, जड आवाज आणि अधिकाऱ्याला शोभेल असे गांभीर्य. क्लूसोचे नाव निघाले की त्या गंभीर चेहऱ्यातली एक पापणी आपोआप फडफडू लागते, आणि मग घशातून एक बारीक हसू फुटते. ते हसू आनंदाचे नव्हे. १९६८ साली दुसऱ्याच मंडळींनी क्लूसोवर एक चित्रपट काढला. त्यात सेलर्स नव्हता, त्याच्या जागी अ‍ॅलन आर्किन होता, हे सर्वांना ठाऊक आहे. त्यात ड्रेफसही नव्हता, हे मात्र कोणी सांगत नाही. माझ्या मते तो चित्रपट फिका पडण्याचे अर्धे कारण तेच. घाव घालणाऱ्याइतकाच घाव सोसणाराही लागतो. नाहीतर आवाज निघत नाही.

१९७५ साली ही तिन्ही मंडळी पुन्हा एकत्र आली. या चित्रपटात क्लूसोचे पहिले दर्शन घडते ते पॅरिसच्या रस्त्यावर, शिपायाच्या वेषात, कारण साहेबांनी त्याचा दर्जा उतरविलेला असतो. बँकेच्या दारात एक आंधळा भिकारी वाद्य वाजवीत बसलेला. जवळ एक माकड. क्लूसो त्याला हटकतो आणि परवाना मागतो. भिकारी म्हणतो, मी वादक आहे, माकड माझ्या मालकीचे नव्हे, ते माझे भागीदार आहे. झाले! परवाना माणसाला हवा की माकडाला, या प्रश्नाचा काथ्याकूट सुरू होतो. सेलर्सच्या तोंडची इंग्रजी भाषा फ्रेंच माणसाची, पण ती अशी की फ्रेंच माणसालाही कळू नये. 'मंकी' या साध्या शब्दाचे तो 'मिंकी' करतो आणि अत्यंत गंभीरपणे करतो. हा कायद्याचा कीस चालू असताना मागे बँकेवर दिवसाढवळ्या दरोडा पडतो, आणि आपले इन्स्पेक्टरसाहेब आड येण्याऐवजी दरोडेखोरांच्या उपयोगीच पडतात. नंतर ड्रेफस त्याला समोर उभा करून सांगतो की, तो भिकारी टोळीचा पहारेकरी होता. क्लूसो ते साफ नाकबूल करतो. आंधळा मनुष्य पहारा कसा करील?

या उत्तरात सेलर्सच्या कलेचे सारे मर्म आहे. क्लूसो चुकतो तेव्हा तो कधीही ओशाळत नाही. पडला तर जमीन चुकीच्या जागी होती, पाण्यात गेला तर पाणी आगंतुक होते. त्याची प्रतिष्ठा अभंग असते. म्हणून तो आपल्याला आवडतो. आपली प्रतिष्ठा तर रोज दोनदा तरी भंग पावते. परंतु हाच गुण टेबलाच्या पलीकडे बसून पाहा. समोरचा मनुष्य चुकीची कबुली देत नाही, त्याला राग येत नाही, तो दुष्ट नाही, लाच खात नाही, उलट तुमच्याविषयी त्याच्या मनात आदरच आहे. अशा मनुष्याविरुद्ध कोणता शेरा मारावयाचा? ड्रेफस त्याला सहा महिन्यांसाठी कामावरून दूर करतो आणि सुटकेचा निःश्वास टाकतो, तोच वरून फोन येतो की, लुगाशच्या कामगिरीसाठी त्याला ताबडतोब परत घ्यावे. पुढे ड्रेफसच्या टेबलावर सिगारेट पेटविण्याचे एक यंत्र येते, हुबेहूब पिस्तुलासारखे. ड्रॉवरमध्ये खरे पिस्तूल. भ्रमिष्ट झालेला हा कर्तबगार अधिकारी एके दिवशी सिगारेट पेटविण्यासाठी भलतेच उचलतो आणि आपल्या नाकाचा शेंडा उडवून घेतो. प्रेक्षागृह हास्याने दुमदुमते.

फ्रान्सच्या इतिहासात याच आडनावाचा एक लष्करी अधिकारी होऊन गेला. १८९४ साली खोट्या आरोपावरून त्याला शिक्षा झाली आणि निर्दोष ठरावयास १९०६ साल उजाडावे लागले. त्याच्या बाजूने निदान एमिल झोलाने लेखणी उचलली. आमच्या ड्रेफसला झोला मिळाला नाही.

या चित्रपटातले एक दृश्य मी अनेकदा पाहिले आहे. स्वित्झर्लंडमधील ग्श्टाड येथील हॉटेलात क्लूसो वेषांतर करून, भलत्याच नावाने, क्लॉडीनच्या टेबलाशी येऊन बसतो आणि तिच्यावर मोहिनी घालण्याचा यत्न करतो. क्लॉडीनचे काम करणारी कॅथरीन शेल ही नटी त्या वेळी खरोखरच हसत आहे. तिला हसू आवरत नाही, ती तोंड लपविते, आणि दिग्दर्शकाने ते तसेच ठेवले आहे. सुंदर चोरटीला हा मनुष्य हास्यास्पद वाटणे कथेलाही शोभते. मला त्या हसण्याचा हेवा वाटतो. ते इतके मोकळे आहे, कारण क्लूसोच्या करणीचा जाब तिला कोणी विचारणार नाही. प्रेक्षकांचे हसणेही त्याच जातीचे. ज्याला दुसऱ्या दिवशी वर अहवाल पाठवावयाचा असतो, त्याच्या घशातून निघते ते हर्बर्ट लोमचे हसू.

आमचे अण्णा एका सरकारी कचेरीत हेडक्लार्क होते. त्यांच्या हाताखाली एक गृहस्थ होते. त्यांचे नाव सांगत नाही. गोड स्वभावाचा, सर्वांना सुपारी देणारा मनुष्य. आमच्या घरी दिवाळीत फराळाला येत आणि आईच्या चकल्यांची तोंड भरून स्तुती करीत. बारनिशीत आलेले पत्र त्यांच्या हातून योग्य टेबलावर गेले, असे क्वचितच घडे. अण्णा सायंकाळी सर्व कारकून गेल्यावर एक तास बसून त्यांची दिवसभराची कामे निस्तरीत आणि घरी येऊन अक्षरही बोलत नसत. एकदा हिशोबतपासनीस आले आणि एक महत्त्वाचा कागद मिळेना. तीन रात्री अण्णांनी दप्तर उपसले. चौथ्या दिवशी तो कागद निघाला, त्या गृहस्थांनी भलत्याच प्रकरणाबरोबर भलत्याच रुमालात बांधून ठेवलेला. तो त्यांच्याच हातून सुटला, त्यांच्याच हातून साहेबांच्या टेबलावर गेला, आणि साहेबांनी त्यांची पाठ थोपटली. दोन वर्षांनी अण्णांच्या वरची जागा रिकामी झाली तेव्हा ती त्यांनाच मिळाली. अण्णांनी त्यांना हार घातला, आणि नोकरीची उरलेली सहा वर्षे त्यांच्या सहीसाठी कागद नेले.

१९८५ च्या सुमारास आमच्याकडे सुटीत भाड्याने व्हिडिओ आणीत. पोरांनी एका रात्री हा चित्रपट लावला. अण्णांना इंग्रजी उत्तम येत असे. ते खुर्ची ओढून मागे बसले. आम्ही हसून हसून बेजार झालो. मध्येच मी मागे वळून पाहिले. अण्णा हसत नव्हते, रागावलेलेही नव्हते. एखादी ओळखीची टिपणी वाचावी तसे पाहत होते.

चित्रपटाचा शेवट असा आहे. ग्श्टाडच्या हॉटेलात लुगाशचा कर्नल शार्की चोर पतिपत्नींवर पिस्तूल रोखून उभा आहे. क्लूसो तेथे येऊन पोहोचतो. दूर छपरावर ड्रेफस बंदूक घेऊन क्लूसोच्या डोक्याचा नेम धरतो. नेमक्या त्याच क्षणी क्लूसोला आपल्या विजारीची बटणे लागली आहेत की नाहीत अशी शंका येते, तो खाली वाकतो, आणि गोळी शार्कीला लागते. हिरा परत मिळतो. क्लूसोला चीफ इन्स्पेक्टरची जागा मिळते, आणि सर चार्ल्स पुन्हा आपल्या धंद्याला लागतात. ड्रेफसची रवानगी वेड्यांच्या इस्पितळात होते. हात बांधलेले, भिंतींना गाद्या, आणि तो पायाच्या बोटांत खडू धरून क्लूसोला मारण्याचा निश्चय भिंतीवर लिहितो आहे. तेथेच तो चित्रातला गुलाबी चित्ता कॅमेरा घेऊन येतो, आणि 'समाप्त' ही अक्षरेही ड्रेफसच्याच पायाने लिहिली जातात. हिरा मिळाला तो ड्रेफसच्या गोळीने, गुन्हेगार पडला तो ड्रेफसच्या गोळीने, शेवटचे अक्षरही त्याचेच. बढतीच्या हुकमावर नाव तेवढे दुसऱ्याचे.

दिवा लागला. अण्णांनी विचारले, "त्या साहेबाचे पुढे काय झाले?"

मी म्हणालो, पुढचा चित्रपट १९७६ चा आहे, त्यात तो सुटून येतो आणि साऱ्या जगाचा नाश करावयास निघतो. अण्णा म्हणाले, "आणा." आजवर त्यांनी कोणताही चित्रपट मागितलेला नव्हता. दुसऱ्या दिवशी आणला. त्याच्या आरंभी ड्रेफस इस्पितळाच्या बागेत बसलेला आहे. अंगावर नीट कपडे, पापणी स्थिर. तो जवळजवळ बरा झाला आहे आणि त्याच दिवशी त्याच्या सुटकेचा निर्णय व्हावयाचा आहे. समोर तळे, त्यात स्वच्छ पाणी. इतक्यात वाटेने क्लूसो येतो. आपल्या जुन्या साहेबांच्या बाजूने दोन शब्द सांगावेत, या सद्हेतूनेच तो आलेला असतो.

"आता हा कशाला आला?" अण्णा म्हणाले, आणि उठून अंगणात गेले.